वाचकांचे प्रश्न : म्युझियममध्ये गप्प राहायचं की बोलायचं?

मागच्या वेळी या सदरात मी विचारलं होतं की आपल्या नागपूर शहरातली संग्रहालयं तुम्ही शेवटची कधी बघितली आणि तिथे काय खटकलं. बरीच पत्रं आली, त्यातली तीन आज घेतेय. नावं मुद्दाम छापत नाही.

प्रश्न : ताई, मी महाल भागातल्या एका शाळेत आठवीला शिकवते. मुलांना म्युझियम बघायला नेलं होतं. आदिवासी दालनात एका मुलाने मोठ्याने विचारलं, "मॅडम, हे लोक आता कुठे राहतात?" माझ्याच वर्गातली एक गोंड मुलगी तिथे बाजूला उभी होती. ती खाली बघत राहिली. मी घाईघाईत "चला, पुढे चला" म्हटलं. तेव्हापासून मनाला लागून राहिलंय. काय बोलायला हवं होतं मी?

उत्तर : मॅडम, तुम्ही त्या मुलीकडे बोट दाखवून "ही बघा, इथेच आहे" असं म्हटलं नाही हे फार बरं केलं. तेरा वर्षांच्या पोरीवर अख्ख्या समाजाची माहिती द्यायचं ओझं टाकायचं नसतं. आणि तो मुलगा पण वाईट नाही हो, त्याला कोणी सांगितलंच नाही तर त्याला कळणार कुठून. काचेच्या मागे दागिने, टोपल्या, पुतळे दिसले की कुठल्याही मुलाला वाटतं की हे सगळं संपलेलं आहे.

त्याला तिथेच सांगता आलं असतं की बाळा, तू ज्या शहरात राहतोस ते १७०२ मध्ये वसवलं देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंद शाहने, आणि गोंड राजांचा किल्ला तुझ्या शाळेपासून चालत जाण्यासारखा आहे, महालातच. ते लोक कुठे गेले नाहीत, आपण त्यांच्या गावात राहतोय. एवढं वाक्य त्या मुलीने ऐकलं असतं ना, तर तिची मान वर झाली असती.

अजून वेळ गेलेली नाही. पुन्हा न्या मुलांना, पण अख्खं म्युझियम एका तासात उरकायचं नाही. चार-चार मुलांचा गट करा, एका गटाला एकच वस्तू. वहीत एवढंच लिहायचं की हे कोणी बनवलं, इथपर्यंत कोणी आणलं, आणि ज्यांचं हे आहे त्यांनी स्वतः इथली पाटी लिहिली असती तर काय लिहिलं असतं. हे मी काही नवीन सांगत नाहीये. अमेरिकेत मेरीलँडमध्ये १९९२ साली फ्रेड विल्सन नावाच्या कलाकाराने तिथल्या इतिहास संस्थेच्या गोदामातल्याच वस्तू घेऊन प्रदर्शन मांडलं होतं, त्यात श्रीमंत घरातली नक्षीदार चांदीची भांडी आणि त्यांच्या मधोमध गुलामांच्या पायातल्या लोखंडी बेड्या, आणि पाटी एकच, धातुकाम. दोन्ही गोष्टी त्याच गोदामात आधीपासून होत्या, फक्त शेजारी कोणी ठेवल्या नव्हत्या. बघणाऱ्याला बाकी काही समजवावं लागलं नाही.

आणि वर्गात एखाद्या गोंडी बोलणाऱ्या वयस्कर बाईंना किंवा दादांना बोलवा. नाचायला नाही, बोलायला बोलवा. जाण्यायेण्याचा खर्च आणि मानधन शाळेने द्यावं, फुकटात बोलवू नका. त्या मुलीला काही विचारू नका, तिला बोलावंसं वाटलं तर ती आपणहून बोलेल.

प्रश्न : मी निवृत्त कारकून, धरमपेठेत राहतो. अजब बंगल्यात, म्हणजे आपल्या जुन्या सरकारी म्युझियममध्ये, वडिलांचं बोट धरून जायचो, त्या आठवणी अजून ताज्या आहेत. हल्ली जिथे तिथे सामाजिक न्याय, जात, आंदोलन. म्युझियम तरी शांत राहू द्या ना. तिथे वाद कशाला?

उत्तर : काका, तुमची ती आठवण मलाही आहे, फक्त माझ्या वेळी बोट आजोबांचं होतं. शांतता मलाही हवी आहे. पण अजब बंगला १८६३ मध्ये सुरू झाला तेव्हा इंग्रजांना या नवीन मध्य प्रांतात काय काय आहे, दगड कुठला, जनावर कुठलं, माणसं कुठली, हे सगळं नीट मांडून बघायचं होतं. काय ठेवायचं, काय नाही, कोणाला माणूस म्हणून मांडायचं आणि कोणाला नमुना म्हणून, हे कोणीतरी ठरवलंच ना. म्हणजे बोलणं तेव्हापासून चालूच आहे, फक्त एकाच बाजूने. आता जगभरच्या संग्रहालयांची जी संघटना आहे, आयकॉम, तिने ऑगस्ट २०२२ मध्ये प्रागला म्युझियमची नवीन व्याख्या मंजूर केली, त्यात सगळ्यांना सामावून घेणं आणि लोकांच्या सहभागाने काम करणं हे शब्दच घातले.

आणि बोलणं म्हणजे भांडणच असं कुठे आहे. अहमदाबादला मिर्झापूर भागात एका जुन्या पारशी घरात २०१३ पासून कॉन्फ्लिक्टोरियम नावाचं संग्रहालय आहे, समाजातल्या तंट्यांवरचं. तिथे एक झाड आहे, लोक कागदावर माफी लिहून त्याला बांधतात. कोणी भावाची मागितलेली, कोणी शेजाऱ्याची. आवाज शून्य. आपल्याकडे चिचोलीच्या शांतिवनात बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू आहेत, टाइपरायटर आहे, कोट आहे, तिथे एकदा जाऊन या काका. त्या कोटासमोर हात जोडून उभ्या राहिलेल्या बायकांकडे बघा. शांतताच आहे, पण तिच्यात किती काय आहे ते तुम्हाला कळेल.

प्रश्न : ताई, आमची वस्ती मिल कामगारांची. मिल बंद झाली, बाबा गेले. वाचनालयाची एक खोली मिळाली आहे, तिथे छोटं म्युझियम करायचं आम्हा पोरांच्या डोक्यात आहे. पितळी बिल्ले, जेवणाचे डबे, युनियनच्या पावत्या, एक धोटा (मागावर आडवं सूत नेतो तो), असं तीसेक सामान जमलं. पण मिटिंग झाली की भांडण. एक काका म्हणतात चांगलंच दाखवा, आमचे दिवस सोन्याचे होते. दुसरे आजोबा म्हणतात, आम्हाला विणकाम खात्यात सोबतच्या लोकांनी कधी पाय ठेवू दिला नाही, ते पण लिहा. काऊन भांडतात समजत नाही, दोघंही रडायला येतात. काय करू?

उत्तर : दादा, तुझं पत्र मी तीनदा वाचलं. ते दोघं भांडतायत म्हणजे तुझं म्युझियम सुरू झालं, खोलीला रंग नंतर दे.

१८७७ मध्ये एम्प्रेस मिल सुरू झाली आणि तेव्हापासून या शहराच्या कितीतरी वस्त्या भोंग्यावर उठल्या, भोंग्यावर झोपल्या. त्यामुळे सोन्याचे दिवस म्हणणारे काका खोटं बोलत नाहीत. पगार होता, पोरं शिकली, मिलमधला माणूस म्हणून मान होता. पण आता तू तो धोटा हातात घे. लाकडाचा, दोन्ही टोकांना लोखंड, मध्ये सुताची कांडी बसते आणि बाजूला एक बारीकसं भोक. बाण्याचं, म्हणजे आडवं सूत संपलं की नवीन कांडी घालायची आणि सुताचं टोक त्या भोकातून बाहेर काढायला तोंड लावून ओढायचं, श्वासाने. एकाच धोट्याला पाळीनुसार वेगवेगळ्या माणसांचे ओठ लागायचे. मुंबईच्या गिरण्यांमध्ये याच कारणाने दलितांना विणकाम खात्यात घेत नव्हते, कारण सवर्ण कामगार म्हणायचे की त्यांच्या तोंडाचा धोटा आम्ही तोंडात घेणार नाही. आणि विणकामाची मजुरी जास्त होती, म्हणजे विटाळापायी दर महिन्याला पैसे बुडायचे. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हाच मुद्दा काढला होता, की विणकाम खातं आमच्या लोकांना उघडा.

म्हणून तुझे आजोबा जे म्हणतायत ते त्या लाकडाच्या वीतभर तुकड्यात आहे. धोटा काचेत ठेवू नको, टेबलावर ठेव, लोकांना हातात घेऊ दे, भोकात बोट घालून बघू दे. बाजूला दोन कार्डं. एकावर काकांचं म्हणणं त्यांच्या शब्दात, दुसऱ्यावर आजोबांचं. दोघांना वेगवेगळ्या दिवशी घरी जाऊन ऐक, मोबाइलवर रेकॉर्ड कर, लिहिलेलं वाचून दाखव, सही घे, नाव द्यायचं की नाही ते त्यांनाच ठरवू दे. दोघांचं जुळवून एक गुळगुळीत वाक्य करायच्या भानगडीत अजिबात पडू नको.

खोलीच्या फरशीवर वस्तीचा नकाशा काढ. दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनला डिस्ट्रिक्ट सिक्स म्हणून वस्ती होती, १९६६ मध्ये सरकारने ती फक्त गोऱ्यांसाठी जाहीर केली आणि पुढच्या वर्षांमध्ये ६०,००० च्या वर माणसं तिथून हाकलली, घरं पाडली. १९९४ मध्ये जुन्या चर्चमध्ये म्युझियम झालं, त्याच्या जमिनीवर भला मोठा नकाशा आहे आणि उठवलेले लोक येऊन आपली गल्ली शोधतात, घर जिथे होतं तिथे नाव लिहितात. तू ऑइलक्लॉथवर कर, स्वस्त पडतं, मार्कर पेन बांधून ठेव. म्हातारी माणसं आपलं घर शोधायला लागली की सोबत नातवंडं बसतात, आणि मग नाली कधी झाली, नळ कधी आला, घराच्या जागेचा पट्टा कोणाला मिळाला आणि कोणाचा अडकला, सगळं निघतं. ते निघू दे. महिन्यातून एक रविवार असा ठेव की वस्तू बघून झाल्या की गोल करून बसायचं आणि एकच विषय घ्यायचा, पट्टे तर पट्टे. माहिती अधिकाराचा अर्ज लिहिता येणारं एक माणूस त्या दिवशी हजर पाहिजे, म्हणजे बोलणं बोलण्यावर राहत नाही, उठताना कोणाच्या तरी हातात अर्ज असतो.

बायकांसाठी वेगळी वेळ ठेव, दुपारची. मिटिंगमध्ये त्या दाराशी उभ्या राहतात आणि बोलत नाहीत. तो जेवणाचा डबा पहाटे कोणी भरला ते विचार. रिळं भरायच्या खात्यात बायका काम करायच्या, तुमच्या वस्तीत अशी कोणी आजी असेल तर आधी तिच्याकडे जा, उद्याच जा. आणि मिल बंद झाल्यावर घर कोणी चालवलं, विड्या वळून की धुणीभांडी करून, त्याची एकही वस्तू तुझ्या यादीत नाही.

पैशांबद्दल. भोपाळला गॅसपीडितांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी २०१४ मध्ये स्वतःचं म्युझियम उभं केलं, त्यात मेलेल्या बाळाचा फ्रॉक वगैरे घरोघरच्या वस्तू आहेत आणि फोनचा रिसिव्हर कानाला लावला की आईचा आवाज ऐकू येतो. त्यांनी सरकारचा आणि कंपन्यांचा पैसा घेतला नाही. तुला एवढं कडक जमेल असं नाही, नगरसेवकाने पंखा आणि ट्यूबलाइट दिली तर घे, पण कार्डावरचा मजकूर वस्तीची कमिटी ठरवेल हे आधी कागदावर लिहून घे, नंतर कोणी म्हणायला नको की अमकं काढा.

आणि खोलीच्या किल्ल्या दोन करा. एक काकांकडे, एक आजोबांकडे.