ओळखी नसलेल्या मेकॅनिकल फ्रेशरने ओळखी काढायच्या कुठून

तू लिहिलंयस की धुळ्याच्या कॉलेजातून यंदा बीई मेकॅनिकल झालं, कॅम्पसला कंपन्याच आल्या नाहीत, नोकरी डॉट कॉमवर रोज अप्लाय करतोयस पण रिप्लाय नाही, आणि घरातलं कोणी कंपनीत नाही मग सगळे सांगतात ते नेटवर्किंग करायचं कोणाशी. प्रश्न अगदी रास्त आहे. मी चाकणला ऑटो पार्ट बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला आहे, फ्रेशर्सच्या इंटरव्ह्यूला बसते, तर आतून काय चालतं ते सांगते.

आमच्यासारख्या कंपनीत जागा निघते म्हणजे कोणीतरी रिझाईन करतं, डिपार्टमेंट हेड एचआरला सांगतो, आणि एचआरचा माणूस सगळ्यात आधी आमच्याच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतो की क्वालिटीला एक फ्रेशर पाहिजे, ओळखीत कोणी असेल तर रेझ्युमे पाठवा. चारपाच बरे रेझ्युमे तिथेच मिळाले तर ती जागा पोर्टलवर जातच नाही. आणि गेली तर संध्याकाळपर्यंत एवढा ढीग येतो की वरचे काही उघडले जातात आणि बाकीचे तसेच राहतात. तुझा रेझ्युमे बहुतेक कोणी वाचलेलाच नाहीये, त्यामुळे तो बघून तुला नाकारलं असं मनाला लावून घेऊ नकोस.

आता ओळखी. तुझ्या बॅचचा ग्रुप असेलच, त्यात सगळे तेच तेच लिंक फिरवतात कारण सगळ्यांना माहिती सारखीच. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने 1973 च्या पेपरात नेमकं हेच दाखवलं होतं, ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्याने विचारलं की ज्याने सांगितलं तो माणूस तुम्हाला किती वेळा भेटायचा, तर नेहमी भेटणारा असं सांगणारे फक्त 16.7 टक्के निघाले. बाकीच्यांना कधीमधी किंवा क्वचित भेटणाऱ्याकडून कळलं होतं. म्हणजे जवळचा मित्र नाही तर दोनतीन वर्षं पुढचा सीनियर, ज्याचं तोंड तू कॉलेजात लांबून पाहिलंयस, तो तुझ्या कामाचा. लिंक्डइनवर तुझ्या कॉलेजच्या पेजवर जा, तिथे अ‍ॅल्युमनाय म्हणून टॅब आहे, त्यात शहर आणि कंपनी लावून बघता येतं. पुणे बघ, पण नाशिक आधी बघ, तिथली सातपूर अंबड एमआयडीसी तुला जवळ पडेल आणि राहण्याचा खर्चही कमी.

मेसेज मात्र नीट लिही. मला रोज येतात, 'मॅम जॉब असेल तर सांगा' आणि खाली पीडीएफ. याला उत्तर काय देणार, जागा माझ्या हातात नसते आणि हा मुलगा कोण तेही माहीत नाही. त्यापेक्षा असं लिही: 'नमस्कार सर, मी आपल्याच कॉलेजचा यंदाचा मेक पासआऊट. तुम्ही क्वालिटीला आहात असं दिसलं. तुमच्याकडे फ्रेशरला थेट क्वालिटीत घेतात की आधी प्रॉडक्शनला टाकतात, आणि घेताना काय बघतात, एवढं सांगाल का? सवडीने सांगितलं तरी चालेल.' याला उत्तर देणं सोपं आहे, दोन मिनिटांत देता येतं, आणि एकदा बोलणं झालं की पुढे जागा निघाल्यावर तोच माणूस आपणहून कळवतो, मी स्वतः कळवलंय. उत्तर नाही आलं तर आठवड्याने एकदा विचार आणि मग सोड.

मोठ्या कंपनीत रेफरल, म्हणजे आतल्या माणसाने तुझं नाव सुचवणं, कंपनीच्याच पोर्टलवरून होतं, त्याला जॉब आयडी म्हणजे त्या जागेचा नंबर लागतो, तो तू शोधून द्यायचा. आणि आधी स्वतः अप्लाय केलेलं असेल तर बऱ्याच ठिकाणी रेफरल धरत नाहीत, म्हणून आधी विचार मग अप्लाय कर. कोणाला असं विचारायची लाज वाटते म्हणालास, त्यात लाजण्यासारखं खरंच काही नाही, रेफरलने रेझ्युमे फक्त उघडला जातो, टेस्ट इंटरव्ह्यू तुलाच द्यायचाय.

आणि एक गोष्ट जी फ्रेशर्स करतच नाहीत, इंडस्ट्रियल एक्झिबिशनला जाणं. चिंचवडचं ऑटो क्लस्टर, मोशीचं प्रदर्शन केंद्र, इथे मशीन टूल्सची, ऑटोमेशनची प्रदर्शनं होत असतात आणि व्हिजिटर म्हणून रजिस्ट्रेशन बहुतेक वेळा फुकट असतं. छोट्या कंपनीच्या स्टॉलवर मालक स्वतः उभा असतो, ज्याला एरवी गेटवरचा वॉचमन तुला भेटू देणार नाही. गेल्यागेल्या रेझ्युमे पुढे करू नकोस, टेबलावरचा पार्ट हातात घे, विचार की हा कोणत्या मशीनवर होतो, बोअर म्हणजे आतलं भोक कशाने चेक करता. आमच्या एका व्हेंडरकडे एक मुलगा असाच लागला, त्याने स्टॉलवर ड्रॉइंग बघून टॉलरन्सबद्दल, म्हणजे मापात किती फरक चालतो त्याबद्दल, दोन प्रश्न विचारले, मालकाने तिथेच नंबर घेतला. गर्दीच्या वेळी नको, शेवटच्या दिवशी दुपारी जा, तेव्हा स्टॉलवाल्यांना बोलायला वेळ असतो.

हे सगळं करून इंटरव्ह्यूला पोचशील तेव्हा आम्ही काय विचारतो, तर व्हर्नियर आणि मायक्रोमीटर हातात देतो. लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर मोजता येणारं सगळ्यात लहान माप, अनुक्रमे 0.02 आणि 0.01 मिलिमीटर हे पाठ असतं सगळ्यांना, रीडिंग घेता येत नाही बऱ्याच जणांना. ड्रॉइंगवरची जीडी अँड टीची चिन्हं, म्हणजे पार्टचा आकार आणि जागा किती अचूक हवी ते सांगणारी, ओळखता आली पाहिजेत. प्रोजेक्ट विकत घेतलेला असेल तर दुसऱ्या प्रश्नाला कळतं.

तोपर्यंत नॅट्सच्या (नॅशनल अप्रेंटिसशिप ट्रेनिंग स्कीम) पोर्टलवर नाव टाकून ठेव, ही अप्रेंटिस कायदा 1961 खाली येणारी सरकारी योजना आहे, एक वर्ष ट्रेनिंग, स्टायपेंड मिळतो, सर्टिफिकेट मिळतं. नंतर कायम करतीलच असं नाही, पण त्या वर्षभरात प्लांटमध्ये जी माणसं ओळखीची होतात ती पुढच्या नोकरीला कामी येतात. ऑफर आली की ऑन रोल म्हणजे थेट कंपनीच्या पगारावर आहे की कॉन्ट्रॅक्टरच्या पेरोलवर ते लेखी विचारून घे. आणि रजिस्ट्रेशन, डिपॉझिट, ट्रेनिंग फी काहीही नाव सांगून नोकरीआधी पैसे मागितले तर तिथेच फोन ठेव, माणूस कितीही गोड बोलत असला आणि ऑफर लेटर कितीही खरं दिसत असलं तरी.