चिखलदऱ्याचा घाट पायी चढताना: पाणी आणि मुक्काम

भाऊ, चिखलदऱ्याचा घाट पायी चढून वाटेत मुक्काम करायचा तुमचा बेत छान आहे, जरूर जा. सुरुवातीला एवढंच सांभाळा.

नकाशावर नाला दाखवणाऱ्या निळ्या रेषेवर विसंबू नका. होळीनंतर मेळघाटातले बहुतेक नाले आटतात. माणशी ४ लिटर पाणी पायथ्याशीच भरा. पुढचं पाणी कुठे, ते गुराख्याला विचारा, त्याच्याइतकं पक्कं कोणी सांगत नाही. डोहाचं पाणी गाळून, उकळूनच प्या.

मुक्काम गावात, नाहीतर वनविभागाने परवानगी दिलेल्या जागी. व्याघ्र प्रकल्पात उघड्यावर तंबू नाहीच.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका:
- पाणवठ्याशेजारी झोपणं. रात्री तिथे जनावरं येतात.
- मोहाच्या झाडाखाली थांबणं. फुलं पडतात त्या दिवसांत अस्वलं हमखास येतात.
- अंधारात गाव गाठणं. कोरकू आदिवासींच्या गावात उजेडीच पोहोचा, आधी पोलीस पाटलांना भेटा.

जीपीएस, दोरखंड वगैरे पुढच्या वेळी बोलू.