डोडो कबुतराच्या कुळातला होता म्हणतात. मग तो भर समुद्रातल्या मॉरिशसवर पोचला कसा आणि उडायचं विसरला कसा?

कबुतराच्या कुळातला, हे पक्कं. ऑक्सफर्डच्या संग्रहालयात जपलेल्या डोडोच्या अवशेषातून डीएनए काढून २००२ मध्ये तपासणी झाली, तेव्हा हयात पक्ष्यांमधला त्याचा सगळ्यात जवळचा नातलग निघाला निकोबारी कबूतर. आपल्याच निकोबार बेटांवरचं, हिरव्या-तांबूस झळाळीचं, मानेवर लांब पिसांची झालर असलेलं. शेजारच्या रॉड्रिग्ज बेटावर डोडोचा एक भाऊबंद होता, सॉलिटेअर, तोही न उडणारा. त्या अभ्यासाच्या अंदाजानुसार या दोघांच्या वाटा सुमारे अडीच कोटी वर्षांपूर्वी फुटल्या. आणि मॉरिशसचं वय? जेमतेम ८०-९० लाख वर्षं. म्हणजे डोडोचं घराणं त्याच्या बेटापेक्षा जुनं!

हे कोडं ज्वालामुखीकडे पाहिलं की सुटायला लागतं. पृथ्वीच्या पोटातून तप्त खडक वर येण्याची एक जागा तिथे आहे. शेगडी जागच्या जागी आणि वरचा तवा सरकतोय, असं समजा. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी त्या शेगडीवर आपला भूखंड होता. सह्याद्रीचा काळा कातळ तेव्हाच्या लाव्ह्याचा, असं बहुतेक भूवैज्ञानिक मानतात. पुढे त्याच जागेवर लक्षद्वीप-मालदीवच्या खालची रांग तयार झाली, मग मॉरिशसच्या उत्तरेकडची, आता पाण्याखाली गेलेली पठारं, मग मॉरिशस आणि शेवटी रीयुनियन. तिथला ज्वालामुखी अजून धगधगतोय. जुनी बेटं झिजून बुडत गेली, नवी वर येत गेली. निकोबारी कबूतर आजही थव्याने या बेटावरून त्या बेटावर फिरतं. डोडोचे पूर्वजही असेच बुडत्या बेटावरून नव्या बेटावर सरकत आले असावेत. तसं असेल, तर डोडो आणि सॉलिटेअर आपापल्या बेटावर उडतच पोचले आणि दोघांनी उडणं स्वतंत्रपणे सोडलं.

‘विसरला’ म्हणू नका मात्र. उडण्याचे स्नायू पोसणं फार महागात पडतं. मॉरिशसवर वटवाघळं सोडली तर मूळचा एकही सस्तन प्राणी नव्हता. जमिनीवरून झडप घालणारं कोणी नाही, फळं पायाशी पडलेली. तिथे ज्यांची ताकद पंखांत कमी आणि शरीरात, पिल्लांत जास्त गेली, त्यांचीच प्रजा वाढली. शिवाय पक्ष्याच्या छातीच्या हाडाची वाढ अर्ध्यावर थांबली की काम भागतं, म्हणून हा बदल उत्क्रांतीच्या हिशेबात पटकन होतो. मॉरिशसची तांबडी पाणकोंबडीही अशीच न उडणारी होती.

माझ्या मते डोडोच्या प्रसिद्धीत तिथले बाकीचे नमुने झाकले गेले. उत्तरेला राउंड आयलंड नावाचं चिमुकलं बेट आहे. तिथल्या बोआ सापाच्या वरच्या जबड्याचं हाड दोन तुकड्यांत, मधे बिजागरीसारखा सांधा! असा जबडा दुसरीकडे सापडत नाही. गुळगुळीत, टणक सरडे-पाली घट्ट धरायला तो उपयोगी पडत असावा. मुख्य मॉरिशस बेटावरचा इको पोपट आपल्या रानपोपटाचा जवळचा भाऊ. १९८० च्या दशकात मोजके पक्षी उरले होते, आता शेकड्यांत आहेत. माणसांनी नेऊन सोडलेला आपला पोपटच झाडांच्या ढोल्यांसाठी त्याच्याशी भांडतो.

डच १५९८ मध्ये आले आणि डोडोची शेवटची बऱ्यापैकी विश्वासार्ह नोंद १६६२ ची. शिकारीपेक्षा उंदीर, डुकरं आणि माकडांनी जमिनीवरची अंडी फस्त केली, हे जास्त भोवलं.

मॉरिशसला गेलात तर पोर्ट लुईच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयातला सांगाडा जरूर बघा. एकाच डोडोचा जवळजवळ संपूर्ण सांगाडा, शंभरेक वर्षांपूर्वी एतिएन तिरियू नावाच्या, निसर्ग-अभ्यासाची हौस असलेल्या न्हाव्याने शोधलेला. छातीच्या हाडावरचा कणा, म्हणजे उडण्याचे स्नायू जिला जोडलेले असतात ती उभी कड, बघायला विसरू नका. कबुतरात तो चांगला उंच, धारदार असतो. डोडोत त्या मानाने अगदीच बुटका.