आयर्लंडमधल्या कॅरनटूहिल या डोंगरावर पहिल्यांदाच जाणाऱ्याने कोणती वाट धरावी?

पायथ्याच्या क्रोनिन्स यार्डहून हॅग्ज ग्लेन दरीत शिरा. डेव्हिल्स लॅडरच्या घळीने चढता येतं, पण उतरायला ती नकोच. वर्षानुवर्षांच्या वर्दळीने तिथली माती धुपलीय. पायाखालचा दगड सुटला की थेट खालच्या माणसावर येतो. परतताना घळीच्या वरच्या खिंडीतून शेजारच्या क्नॉक ना तिन्ये डोंगरावर थोडं चढून झिगझॅगची वाट घ्या. लांब पडते, पण पाय भरवशाने टेकतो. शेजारच्या बीनकेरा शिखराकडून येणारी धार अप्रतिम आहे, मात्र कातळावर हात घालायची सवय आणि शांत वारा दोन्ही हवं. कॅरनटूहिलची उंची सुमारे १,०३९ मीटर, तरी हलक्यात घेऊ नका. ढग उतरले तर माथ्यावरच्या क्रॉसपासून होकायंत्र बघूनच निघा, ईशान्येला सरळ कडे आहेत.