साप नीट वाढतोय का? रॅट स्नेक पाळणाऱ्यांचे प्रश्न

रॅट स्नेकबद्दल आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं कॉर्न स्नेक, ब्लॅक रॅट स्नेक, टेक्सास रॅट स्नेक अशा पँथेरोफिस वंशातल्या, माणसाच्या देखरेखीखाली जन्मलेल्या सापांना धरून दिली आहेत. धामणीलाही रॅट स्नेकच म्हणतात, पण ती वेगळ्या वंशातली आणि कायद्याने संरक्षित. रानातला कुठलाही साप पकडून पेटीत ठेवू नये.

प्रश्न: माझा कॉर्न स्नेक पाच महिन्यांचा आहे, वजन २६ ग्रॅम. त्याच मादीच्या अंड्यातून निघालेला दुसरा साप मैत्रिणीकडे आहे, तो ४३ ग्रॅमचा झालाय. माझा खुरटलाय का?

या दोन आकड्यांवरून तसं म्हणता येत नाही. अंड्यातून निघताना कॉर्न स्नेकचं पिल्लू साधारण ५ ते ८ ग्रॅमचं असतं. म्हणजे तुमचं पिल्लू पाच महिन्यांत तिपटीपासून पाचपटीपर्यंत वाढलंय, हे चांगलंच आहे. सापाची वाढ वयापेक्षा अन्नावर आणि उबेवर जास्त ठरते. एखादं पिल्लू पहिला महिनाभर खायलाच तयार होत नाही आणि तेवढा फरक पुढे बराच काळ दिसत राहतो. वर्ष झाल्यावर एक साप ६० ग्रॅमचा आणि दुसरा १२० ग्रॅमचा असेल, तरी दोघंही ठणठणीत असू शकतात.

तुमच्या सापाची तुलना त्याच्याच मागच्या वजनाशी करा. झाकणाचा हलका डबा काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा, साप आत ठेवा, तो शांत झाला की आकडा लिहा. ५० ग्रॅमच्या आतल्या पिल्लाला ०.१ ग्रॅम दाखवणारा काटा लागतो. मोठ्या सापाला स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. वजन दर दोन आठवड्यांनी, खायला देण्याआधी आणि शक्यतो विष्ठा टाकून झाल्यावर करा. नाहीतर २६ ग्रॅमचं पिल्लू ३ ग्रॅमची पिंकी, म्हणजे अंगावर लव न आलेलं उंदराचं पिल्लू, गिळून दुसऱ्या दिवशी २९ ग्रॅम भरतं आणि मालक खूश होतो. आठवड्याने तेच २७ वर आलं की तोच मालक घाबरतो. त्या २७ मधला वरचा १ ग्रॅम ही खरी वाढ.

सलग तीन नोंदींत वाढत्या पिल्लाचा आकडा जागचा हलला नाही, तर कारण शोधायचं. आधी पेटीचं तापमान, मग भक्ष्याचा आकार, मग पोटातले जंत, या क्रमाने. कात हा दुसरा पुरावा. पहिल्या वर्षात निरोगी पिल्लू साधारण दर चार ते सहा आठवड्यांनी कात टाकतं. मात्र टाकलेली कात मोजून सापाची लांबी ठरवू नका. ओली कात निघताना ताणली जाते, खवल्यांमधल्या घड्याही उलगडतात, त्यामुळे ती सापापेक्षा बरीच लांब भरते.

प्रश्न: किती आणि किती दिवसांनी द्यायचं? कुणी पाच दिवस सांगतं, कुणी पंधरा.

दोन्ही बरोबर असू शकतं, वेगवेगळ्या वजनाच्या सापांसाठी. १५ ग्रॅमपर्यंतच्या पिल्लाला दर ५-६ दिवसांनी दीड ते अडीच ग्रॅमची एक पिंकी. १५ ते ३० ग्रॅमला आठवड्याला ३-४ ग्रॅमचं भक्ष्य. पुढे १०० ग्रॅमपर्यंत लव आलेली फझी, मग उड्या मारायच्या वयाचा हॉपर, असं ५ पासून १२ ग्रॅमपर्यंत चढत जायचं, अंतर आठवड्याचंच. १०० ते २०० ग्रॅमच्या सापाला ७ ते १० दिवसांनी १५-२० ग्रॅमचा उंदीर. वाढ मंदावलेल्या प्रौढ कॉर्न स्नेकला २५-३० ग्रॅमचा एक उंदीर दोन आठवड्यांनी पुरेसा होतो. ब्लॅक रॅट स्नेक आकाराने मोठा, त्याचं भक्ष्यही त्याच्या वजनाच्या प्रमाणात मोठं.

वाढत्या सापासाठी भक्ष्य त्याच्या वजनाच्या १० ते १५ टक्के असावं, प्रौढाला ५ ते १० टक्के पुरतं. नुकत्या जन्मलेल्या पिल्लांना मात्र हा हिशेब लागू होत नाही. ६ ग्रॅमच्या पिल्लाला दीड ग्रॅमची पिंकी म्हणजे २५ टक्के झाले, पण पिंकी मऊ आणि पाणीदार असते, हाडं कोवळी असतात, ती पचते. तिथे रुंदी बघा: भक्ष्याची जाडी सापाच्या सर्वांत जाड भागाएवढी किंवा किंचित जास्त, दीडपटीच्या वर कधीही नाही. गिळल्यावर दिवसभर, फार तर दोन दिवस पोटाशी थोडा फुगवटा दिसतो. तिसऱ्या दिवशीही तिथले खवले एकमेकांपासून ताणलेले आणि मधली कातडी उघडी दिसत असेल, तर पुढचं भक्ष्य एक आकार लहान द्या.

प्रश्न: आमची ब्लॅक रॅट स्नेक कायम काचेला तोंड लावून बसते, पेटी उघडली की झेपावते. तिला कमी पडतंय का?

नाही, आणि नेमका इथेच सर्वांत मोठा घोटाळा होतो. रानात पुढचं घरटं कधी सापडेल याचा नेम नसतो, म्हणून समोर येईल ते खायचं हा या सापांचा स्वभाव. पेटीत खाणं नेमाने मिळतं, तरी स्वभाव तोच राहतो. पोट भरलेला रॅट स्नेकही मागतो. त्याच्या मागण्यावर चाललात तर दोन-तीन वर्षांत साप चरबीने भरतो, यकृतावर चरबी चढते, माद्यांची अंडी अडकतात आणि आयुष्य घटतं. नीट ठेवलेला कॉर्न स्नेक १५-२० वर्षं सहज जगतो, ती वर्षं अशी दवडू नका.

अंगाची स्थिती बघायला साप हातावर सैल सोडा आणि मधल्या भागाचा आकार बोटांनी जोखा. रॅट स्नेकचं अंग नळीसारखं गोल नसतं. आडवा छेद कल्पनेत घेतला तर तो पावाच्या लादीसारखा दिसेल: खाली सपाट, वरून गोलसर, पोट आणि कुशी जिथे मिळतात तिथे एक कोपरा. झाडाच्या सालीला तो कोपरा अडकवूनच हे साप उभ्या खोडावर चढतात. नवे मालक हा कोपरा बघून साप रोडावला समजतात आणि खाणं वाढवतात. खरोखर रोडावलेल्या सापाचा पाठीचा कणा धारेसारखा वर येतो, त्याच्या दोन्ही बाजूंना खोलगट भाग लागतो, कातडी सैल पडून लांबीच्या दिशेने घड्या दिसतात.

चरबी चढल्याची खूण शेपटीपाशी आधी दिसते. निरोगी सापाचं अंग गुदद्वाराकडे हळूहळू निमुळतं होत शेपटीत मिसळतं. चरबी वाढली की गुदद्वाराच्या आधीचा भाग जाडजूड आणि शेपटी एकदम बारीक, जणू दुसऱ्याच सापाची लावलेली. वळताना कुशीवर वळ्या पडतात आणि पोट रिकामं असतानाही खवल्यांमधली कातडी दिसते. अशी मादी असेल तर उपास घडवू नका. भक्ष्याचा आकार एक पायरी खाली आणा, दोन जेवणांमधलं अंतर ३-४ दिवसांनी वाढवा, पेटीत चढायला भक्कम फांद्या लावा. वजन महिन्याला २-३ टक्के उतरलं तरी पुष्कळ झालं.

प्रश्न: दोनदा उंदीर ओकून टाकला. दुसऱ्या वेळी भूक लागली असेल म्हणून तिसऱ्याच दिवशी परत दिला होता. काय चुकलं?

तिसऱ्या दिवशी दिला, तेच चुकलं. भक्ष्य परत येताना जठरातली आम्लं सोबत येतात आणि अन्ननलिका पोळते. पचनाचे रस, आतड्यातले उपयोगी जंतू, अंगातलं पाणी, सगळंच कमी झालेलं असतं. त्या पोटात पुन्हा अन्न पडलं की तेही परत येतं आणि प्रत्येक फेरीत साप आणखी खंगतो. लहान पिल्लं अशी आठ-पंधरा दिवसांत हातची जातात.

एकदा ओकल्यावर १० ते १४ दिवस काहीही देऊ नका. ताजं पाणी मात्र सतत हवं. या काळात सापाला हात लावू नका आणि कारण शोधा. बहुतेक वेळा ते थंडावा असतं. उबदार टोकाची जमीन २९ ते ३१ अंश सेल्सिअस आणि थंड टोक २२ ते २४ अंश असायला हवं. काचेला चिकटवलेला गोल तापमापक हवेचं तापमान सांगतो. साप जिथे पोट टेकतो तिथे वायरीचा सेन्सर ठेवून मोजा. हीट मॅट (ऊब देणारी विजेची चटई) थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे तापमान आपोआप आवरणाऱ्या यंत्राशिवाय, लावू नका, नाहीतर कमी उबेऐवजी भाजणं ओढवून घ्याल. बाकी कारणं: भक्ष्य फार मोठं, आतून अर्धवट गोठलेलं, किंवा खाल्ल्यावर ४८ तासांच्या आत सापाला हाताळलं.

मग नेहमीच्या निम्म्या वजनाचं एक भक्ष्य द्या. ते पचून विष्ठा आली की आठ-दहा दिवसांनी पुन्हा तेवढंच. असे तीन-चार नीट पचले की हळूहळू मूळ आकारावर या. तुमच्या सापाने दोनदा ओकलंय, म्हणून आता वाट बघण्याच्या काळातच सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडे जा. ताज्या विष्ठेचा, ती नसेल तर ओकलेल्याचा नमुना घट्ट झाकणाच्या डबीत न्या. अंगाच्या मध्यावर टिकून राहणारी कडक सूज आणि वरचेवर ओकणं ही क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवीची लक्षणं असू शकतात. तो दुसऱ्या सापांना लागतो. निदान होईपर्यंत या सापाचे चिमटे, पाण्याचं भांडं, सगळं वेगळं ठेवा.

प्रश्न: चार वर्षांचा नर सहा आठवडे खात नाही. जबरदस्तीने भरवावं का?

अजिबात नको. प्रौढ नर विणीच्या हंगामात खाणं सोडून पेटीभर फिरत राहतात, मादीच्या वासाशिवायही. दर आठवड्याला वजन करा. घट मूळ वजनाच्या ५ टक्क्यांच्या आत असेल, डोळे स्वच्छ, जीभ बाहेर येतेय, तोंडात बुडबुडे नाहीत, तर दर दोन आठवड्यांनी एक लहान उंदीर दाखवा आणि नाकारला तर काढून घ्या. घट १० टक्क्यांकडे गेली की पशुवैद्य. कात येण्याआधी डोळे दुधाळ-निळे होतात, त्या दिवसांत तर कित्येक साप भक्ष्याकडे बघतही नाहीत. कात पडल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी देऊन बघा.

प्रश्न: वेगळं कॅल्शियम द्यावं का? अंडं, चिकनचे तुकडे चालतील का?

अख्ख्या उंदरात हाडं, यकृत, सगळं असतं, त्यामुळे पूड लागत नाही. नुसत्या मांसात कॅल्शियम फारच कमी, तुकडे देऊ नका. मोठ्या रॅट स्नेकला क्वचित लावीचं कच्चं अंडं चालतं. कोंबडीच्या एक दिवसाच्या पिल्लांवर विष्ठा पातळ होते, ती नेहमीचं खाणं म्हणून नकोत.

प्रश्न: गोठवलेला उंदीर वितळवायची योग्य पद्धत कोणती? माझा साप हुंगतो आणि तोंड फिरवतो.

रात्री प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. देण्याआधी पिशवीसकट १५-२० मिनिटं सुमारे ४० अंशांच्या पाण्यात. मायक्रोवेव्ह नको, आत शिजतो, पोट फुटतं. पोटावर बोट दाबून बघा: मध्ये कडक गोळा लागला तर तो अजून गोठलेलाच आहे. बाहेर काढून कोरडा करा, कारण ओल्या उंदराला पेटीतला भुसा चिकटतो आणि वासही मंदावतो. डोकं अंगापेक्षा किंचित उबदार राहू द्या, साप तिकडूनच धरतो. २५-३० सेंटिमीटरच्या चिमट्याने पाठीवर धरून सापाच्या पुढ्यात हळू सरकवा, थेट नाकावर आणू नका, भित्रं पिल्लू मागे हटतं. तरीही नाकारलं तर उंदीर लपणीच्या तोंडाशी ठेवून दिवा मालवा आणि सकाळी बघा. उरला असेल तर टाकून द्या, परत गोठवू नका. जिवंत उंदीर हा पर्याय नाही. घाबरलेला उंदीर पाठीचं मांस कण्यापर्यंत कुरतडतो, आणि न खाणारा साप स्वतःला वाचवेलच असं नाही. काम झाल्यावर हात साबणाने धुवा. सापाच्या अंगावर आणि उंदरात साल्मोनेला हा माणसाला आजारी पाडणारा जीवाणू असू शकतो.