NFL मध्ये कॉर्नरबॅक घ्यायच्या आधी डिफेन्सचा कोऑर्डिनेटर काय खेळवतो ते बघा

तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही म्हणून लिहितोय. तुमच्या NFL टीमच्या (अमेरिकन फुटबॉल) दोन्ही स्टार्टिंग कॉर्नरबॅकची, म्हणजे रिसीव्हरला (पास पकडणाऱ्याला) अडवणाऱ्यांची, कॉन्ट्रॅक्ट संपली, कॅपमध्ये (टीमच्या पगाराच्या मर्यादेत) जागा भरपूर, आणि तुमच्या ग्रुपमधले सगळे म्हणतायत की मार्चमध्ये बाजार उघडला की सगळ्यात जास्त इंटरसेप्शनवाला (समोरच्यांचा पास मधेच पकडणारा) उचला, लागू देत किती पैसे लागतात ते. वर तुम्ही विचारलंय की तो आला तर सीझन तिकिटं काढू का. हे सगळं आम्ही फिलाडेल्फियावाल्यांनी 2011 मध्ये भोगलंय. मी साउथ जर्सीत राहतो, फिलाडेल्फिया ईगल्सचा फॅन आहे, त्यामुळे उदाहरणं जास्त करून तिकडचीच येतील. आणि मी कोच नाही की एजंट नाही, बरीच वर्षं बघतोय एवढंच.

कॅप, गॅरंटी, डेड मनी (सोडलेल्या खेळाडूचा कॅपवर राहणारा बोजा) हे तुम्हाला माहितीये असं धरतो, त्यात वेळ घालवत नाही.

2011 चा लॉकआउट (मालक आणि खेळाडूंच्या वादात लीग बंद होती तो) 25 जुलैला संपला आणि चार दिवसांत ईगल्सनी नामडी असोमुआला घेतलं, 5 वर्षं, 6 कोटी डॉलर. त्या वर्षी बाजारातला सगळ्यात मोठा डिफेन्सिव्ह बॅक (मागे राहून पास अडवणारा) तोच. बरं, त्याची इंटरसेप्शन बघाल तर 2006 मध्ये आठ आणि त्यानंतरच्या चार सीझनमध्ये मिळून फक्त तीन, कारण क्वार्टरबॅक (पास टाकणारे) त्याच्या बाजूला बॉल टाकायचेच नाहीत. आधीच्या टीमकडे, रेडर्सकडे, आठ वर्षं त्याचं काम साधं होतं: बहुतेक वेळा उजवी बाजू, समोरच्या रिसीव्हरला लाइनवरच (खेळ सुरू होतो तिथेच) हात लावायचा आणि शेवटपर्यंत त्याच्याबरोबर पळायचं. या एका कामात तो लीगमधल्या सगळ्यात भारी लोकांपैकी होता, याबद्दल वादच नाही.

आता ईगल्सनी काय केलं बघा. डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (डिफेन्स कसा खेळायचा ते ठरवणारा कोच) म्हणून हुआन कस्तियोला बसवलं, जो त्याआधी कितीतरी वर्षं ऑफेन्सिव्ह लाइनचा, म्हणजे दुसऱ्याच बाजूचा, कोच होता. त्याच्याकडे आधीपासून असांते सॅम्युएल, जो मागे उभा राहून बॉलवर झडप घालणारा. ट्रेडमधून आलेला रॉजर्स-क्रोमार्टी, जो पळण्यात वस्ताद पण बाहेरच्या बाजूचा, त्याला स्लॉटमध्ये (आतल्या रिसीव्हरवर) घातला. आणि असोमुआ कधी झोनमध्ये (माणसाऐवजी जागा राखायची), कधी स्लॉटमध्ये, कधी टाइट एंडवर (लाइनजवळचा धिप्पाड रिसीव्हर). तीन मोठी नावं आणि एकालाही त्याचं नेहमीचं काम नाही, त्यात लॉकआउटमुळे उन्हाळ्याची प्रॅक्टिस झालेलीच नाही, मग हे सगळं शिकणार कधी?

जायंट्सविरुद्धची सप्टेंबरची मॅच मी स्टेडियममध्ये बसून बघितली. त्यांचा व्हिक्टर क्रूझ, ड्राफ्टमध्ये (कॉलेजच्या खेळाडूंच्या दरवर्षीच्या निवडीत) कोणी न घेतलेला मुलगा, तेव्हा त्याचं नावही फारसं कोणाला माहीत नव्हतं. छोटासा पास पकडला, सेफ्टी (सगळ्यात मागचा डिफेंडर) कर्ट कोलमन आणि असोमुआ दोघांच्याही हातातून सुटला आणि 74 यार्ड पळत जाऊन टचडाउन. चौथ्या क्वार्टरमध्ये परत तोच, असोमुआ तिथेच होता, बरोबर अजून एक सेफ्टी, तरी वर उडी मारून बॉल घेऊन गेला. 29-16 हरलो. पुढच्या आठवड्यात 49र्सविरुद्ध घरच्या मैदानावर 23-3 पुढे होतो आणि 24-23 ने हरलो. स्नॅपच्या (बॉल खेळात येण्याच्या) आधी आमचे डिफेन्सिव्ह बॅक हात वर करून एकमेकांना विचारताना वरच्या मजल्यावरच्या सीटवरूनसुद्धा दिसायचे, म्हणजे समोरच्या क्वार्टरबॅकला दिसत नसेल का? डिसेंबर उजाडेपर्यंत 4-8 (चार जिंकलो, आठ हरलो), शेवटी कसेबसे 8-8. पुढच्या वर्षी 4-12, कस्तियोला ऑक्टोबरमध्येच काढलं, सीझन संपल्यावर हेड कोच अँडी रीड गेला, मार्च 2013 मध्ये असोमुआलाही सोडून दिलं. लोक अजून त्याला शिव्या घालतात. मला ते पटत नाही. चूक विकत घेणाऱ्यांची होती: माणूस कशात भारी आहे ते माहीत असून त्याला दुसरंच काम दिलं.

तिकिटांचं इथेच सांगतो कारण माझा खरा खिसा तिथे कापला गेला. टीमकडची वेटिंग लिस्ट लांब, म्हणून त्या ऑगस्टमध्ये एका तिकीट विकणाऱ्या कंपनीकडून घरच्या मॅचेसचं पॅकेज घेतलं, नाव नाही लिहीत. असोमुआ आल्याच्या बातमीनंतर भाव चढलेले, तरी त्यांच्या माणसाने सांगितलं की जमणार नसेल ती मॅच आम्ही परत घेऊ, आणि ते ईमेलमध्येही होतं. ऑक्टोबरमध्ये टीम घसरली, तिकिटांचे भाव पडले, आणि कंपनीला तो ईमेल कोणाचा हेच कळेना. सेल्सवाले म्हणणार कस्टमर केअर, कस्टमर केअर म्हणणार हे पॅकेज सेल्सच्या अखत्यारीत, मग फॉर्म भरा, मग फॉर्मची मुदत संपली. ज्याने विकलं तो माणूस म्हणे आता दुसऱ्या विभागात. शेवटी डिसेंबरच्या तिकिटांचे पैसे बुडाले ते बुडालेच. या असल्या कंपन्यांचा मला आजही मनापासून राग आहे, भाव चढवताना यांना सगळी माहिती असते आणि परत घ्यायची वेळ आली की कोणीच जबाबदार नसतं. त्यामुळे साइनिंगच्या बातमीवर तिकीट पॅकेज अजिबात घेऊ नका. खुद्द टीमकडून मिळत असेल तर वेगळी गोष्ट, ती तुमची तुम्ही बघा.

आता मूळ प्रश्न. इंटरसेप्शन बघून घेण्याचं ताजं उदाहरण जे. सी. जॅक्सन. पेट्रियट्सकडे चार वर्षांत 25 इंटरसेप्शन, 2022 मध्ये चार्जर्सनी 5 वर्षं आणि 8.25 कोटी डॉलर दिले. पेट्रियट्स मॅन कव्हरेज (ज्याने त्याने आपापला रिसीव्हर धरायचा) भरपूर खेळणारे, चार्जर्सचा तेव्हाचा कोच ब्रँडन स्टेली दोन सेफ्टी मागे ठेवून झोन खेळवणारा. जॅक्सनला मधेच बेंचवर बसवलं, मग गुडघा गेला (तो दोष कोणाचाच नाही), आणि ऑक्टोबर 2023 मध्ये परत पेट्रियट्सकडे रवानगी. उलट त्याच पेट्रियट्सनी 2017 मध्ये स्टेफन गिलमोरला 6.5 कोटींना घेतलं तेव्हा त्याला जे येतं तेच करायला लावलं, आणि तो 2019 चा सर्वोत्तम डिफेन्सिव्ह खेळाडू ठरला. म्हणजे महाग कॉर्नर घेऊच नये असं मी म्हणत नाही. तुमचा कोऑर्डिनेटर मॅन किती खेळवतो, झोन किती, कॉर्नरला लाइनवर उभा करतो की सात यार्ड मागे, हे आधी बघा आणि मग नावांची यादी काढा. कोऑर्डिनेटर नवीन असेल तर त्याच्या आधीच्या टीमची फिल्म बघा. ऑल-22 वालीच (सगळे 22 खेळाडू दिसणारी) बघा, कारण टीव्हीवरच्या फ्रेममध्ये सेफ्टी बऱ्याचदा दिसतच नाहीत आणि कॉर्नरला मागून मदत होती की नव्हती हेच कळत नाही. बायरन मॅक्सवेलचं तेच झालं. सिअ‍ॅटलमध्ये त्याच्या मागे सेफ्टी अर्ल थॉमस होता, 2015 मध्ये ईगल्सनी 6 वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट दिलं तेव्हा थॉमस थोडाच बरोबर येणार होता? पहिल्याच मॅचमध्ये ज्युलियो जोन्सने 141 यार्ड आणि दोन टचडाउन काढले. वर्षभरात मायामीला ट्रेड.

माझं मत विचाराल तर पैसे सेफ्टी आणि स्लॉटवर आधी लावा, बाहेरचे कॉर्नर ड्राफ्टमधून आणा. यावर बरेच जण भांडतील, भांडू देत. 2014 मध्ये सेंट्सनी सेफ्टी जायरस बर्डला 5.4 कोटींचं कॉन्ट्रॅक्ट दिलं आणि स्वतःचा माल्कम जेन्किन्स जाऊ दिला. ईगल्सनी जेन्किन्सला बर्डच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी पैशात घेतलं. कॉर्नर म्हणून लीगमध्ये आलेला सेफ्टी, स्लॉटमध्येही उतरायचा, सगळ्यांना जागेवर उभं करायचा, सुपर बोल (लीगची फायनल) जिंकून दिला. सुपर बोल जिंकणाऱ्या त्याच 2017 च्या टीममध्ये स्लॉटला पॅट्रिक रॉबिन्सन, एक वर्षाचं अगदी किरकोळ कॉन्ट्रॅक्ट, आणि व्हायकिंग्जविरुद्ध कॉन्फरन्स फायनलमध्ये 50 यार्डांचा पिक-सिक्स (इंटरसेप्शनवरून थेट टचडाउन) त्याचाच. आणि 2025 च्या सुपर बोलमध्ये पिक-सिक्स मारणारा ईगल्सचा कूपर डिजीन हा आदल्या वर्षीचा दुसऱ्या राउंडचा ड्राफ्ट पिक.

अजून एक, घाई करू नका. मे 2022 मध्ये जायंट्सनी कॉर्नर जेम्स ब्रॅडबरीला कॅपपायी सोडलं, ईगल्सनी एका वर्षासाठी स्वस्तात घेतलं, त्या सीझनमध्ये तो ऑल-प्रोच्या (सीझनमधल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या) दुसऱ्या टीममध्ये. मग 2023 मध्ये त्यालाच 3 वर्षांसाठी 3.8 कोटी दिले, वय तेव्हा तिशीला टेकलेलं, आणि रिसीव्हर त्याच्या पुढून निघून जायला लागले. तोच खेळाडू, तीच टीम. शिवाय टीमने सोडून दिलेला खेळाडू घेतला तर कॉम्पेन्सेटरी पिकच्या (खेळाडू गमावल्याबद्दल मिळणाऱ्या जादा ड्राफ्ट पिकच्या) हिशोबात धरत नाहीत, कॉन्ट्रॅक्ट संपलेला घेतला तर धरतात. ड्राफ्टनंतरच्या सोमवारनंतर तर कोणालाही घ्या, धरत नाहीत. तुमचे दोन कॉर्नर दुसरीकडे चांगल्या पैशांत गेले असतील तर हे फार महत्त्वाचं आहे, मार्चच्या पहिल्या आठवड्यातल्या खरेदीत पुढच्या वर्षीचा तिसऱ्या राउंडचा पिक गमावून बसाल.

दुखापतीचं आणि वयाचं मी मुद्दाम जास्त लिहिलं नाही, मेडिकल रिपोर्ट आपल्याला कोणी दाखवत नाही, त्यामुळे त्यावर बोलणं म्हणजे अंदाज.

तुमची टीम कोणती आणि कोऑर्डिनेटर जुनाच आहे की बदलला, ते लिहा. पास रश (क्वार्टरबॅकवर धावून जाणारे) कसा आहे तेही. मग एकेक नाव घेऊन बोलू.