दोन सुतांचं गणित : तुकड्यांच्या दुपट्याबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न (परभणीहून) : ताई, लेकीचं पहिलं बाळंतपण आहे, माहेरीच होणार. जावेच्या मुलीनं ऑनलाइन एक पाकीट मागवून दिलंय, त्यात ५ इंचाचे ४२ चौकोनी तुकडे आहेत, सगळे वेगवेगळ्या डिझाईनचे पण एकमेकाला शोभणारे, कडा करवतीच्या दात्यासारख्या कापलेल्या. म्हणली काकू याचं दुपटं एका दिवसात होतंय. माझ्याकडं पायाची मशीन आहे, परकर-ब्लाउज शिवते, पण असलं कधी केलं नाही. सासूबाई लुगड्याच्या गोधड्या हातानं घालायच्या, त्यात मापबिप काही नसायचं. मला जमंल का? अन् ४२ तुकड्यात केवढं होईल?

उत्तर : जमंल की, ब्लाउजची बाही बसवणाऱ्या बाईला हे काय अवघड. फक्त एका दिवसाचं मनावर घेऊ नका, दोन-तीन दुपारी धरा. पाकिटामुळं कापायचं काम वाचतं, शिवायचं तेवढंच राहतं.

आधी माप. आडवे ६ आणि उभे ७ लावले की बरोबर ४२ होतात. प्रत्येक तुकड्याचा चारी बाजूनं पाव-पाव इंच शिलाईत जातो, म्हणजे ५ चा साडेचार उरतो. सहा साडेचार २७ आणि सात साडेचार साडेएकतीस, म्हणजे २७ बाय साडेएकतीस इंचाचं दुपटं. बाळाला खाली अंथरायला एवढं बास. मोठं पाहिजे असेल तर चारी बाजूनं एकरंगी सुती कापडाची पट्टी लावा, शिवून ४ इंच दिसेल अशी, की झालं ३५ बाय साडेएकोणचाळीस.

तुकडे आधी धुवायचे नाहीत. एरवी मी कोरं कापड धुतल्याशिवाय कात्री लावू देत नाही, पण हे बारके तुकडे पाण्यात घातले की कडेचे धागे सुटून नुसता गुंता होतो आणि मापही बिघडतं. लाल नाहीतर गडद निळा तुकडा असेल तर पांढरं फडकं ओलं करून त्यावर घासून बघा, रंग लागला की तो तुकडा बाजूला काढा आणि त्याच्या जागी घरातल्या कापडाचा लावा, नाहीतर पहिल्याच धुण्यात सगळं दुपटं गुलाबी.

आता खरी गोष्ट पाव इंचाची, म्हणजे टेलरच्या भाषेत दोन सूत. मी पहिलं दुपटं शिवलं तेव्हा अंदाजानंच शिवत गेले, ब्लाउजला चालतंय तसं इथंही चालेल म्हणून. एका ओळीत दोन सूत, दुसरीत तीन सूत. एका सुतानं काय होतंय असं वाटतं, पण शिलाईत दोन तुकडे असतात, दोघांचं एक-एक सूत जातं, म्हणजे एका जोडाला पाव इंच. सात तुकड्यांच्या पट्टीत सहा जोड. हिशोब करा, दीड इंच! माझी एक पट्टी दीड इंचानं आखूड निघाली, मी ती ओढून ताणून बसवली आणि दुपट्याच्या मधोमध असं पोट आलं की सासूबाई म्हणल्या बाळाआधी दुपट्यालाच दिवस गेलेत. उसवायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात दुसरं झालं असतं.

म्हणून सुईखालच्या प्लेटवर सुईपासून बरोबर दोन सूत उजवीकडं मापून चिकटपट्टीचे तीन-चार थर एकावर एक लावा. बारकी भिंतच होते ती. कापडाची कड तिला टेकवून शिवत जायचं, फूटच्या, म्हणजे कापड दाबून धरणाऱ्या मशीनच्या पट्टीच्या, भरवशावर राहायचं नाही कारण प्रत्येक मशीनचा फूट सारख्या रुंदीचा नसतो. करवती कडेचं बघा हं, एक तुकडा पट्टीनं मोजा. दात्याच्या टोकापासून टोकापर्यंत ५ भरला तर भिंतीला टोकं टेकवायची, दात्याच्या खाचेपासून भरला तर खाच धरायची. एकदा ठरवलं की शेवटपर्यंत तेच.

शिवण्याआधी सगळे तुकडे फरशीवर मांडा. दोन गडद शेजारी येऊ देऊ नका. मांडून झालं की मोबाईलवर फोटो काढून तो काळा-पांढरा करून बघा, गडद कुठं गोळा झालेत ते लगेच दिसतं. मग प्रत्येक ओळीच्या पहिल्या तुकड्याला नंबरची चिठ्ठी टाचणीनं लावा, घरात लेकरं असतील तर हे लई गरजेचं, आमच्याकडं मांजरानं एकदा सगळा पट उधळलाय.

वेळ खरा वाचतो तो माळेत. पहिल्या ओळीचा पहिला आणि दुसरा तुकडा सुलट्याला सुलटं लावून शिवा, आणि दोरा न तोडता लगेच दुसऱ्या ओळीची जोडी सुईखाली सरकवा, मग तिसरीची, अशी सातही ओळींची. मधे दोऱ्याचे बारके पूल राहतात आणि वाळत घातलेल्या मिरच्यांसारखी माळ होते. मग त्याच क्रमानं प्रत्येकीला तिसरा तुकडा, चौथा, सहाव्यापर्यंत. दोरा दरवेळी तोडत बसलात तर निम्मा वेळ आणि बराच दोरा त्यातच जातो.

सात पट्ट्या झाल्या की इस्त्री. पहिल्या पट्टीच्या मागच्या शिलाया डावीकडं दाबा, दुसरीच्या उजवीकडं, तिसरीच्या परत डावीकडं. दोन पट्ट्या एकमेकींवर ठेवल्या की त्या उलट-सुलट शिलाया जोडावर एकमेकीत अडकून बसतात, बोटाला कळतं बघा, मधे फट राहत नाही आणि उंचवटाही लागत नाही. तिथं टाचणी मारा आणि शिवा. चौकोनाचे चारी कोपरे एका ठिपक्यात येतात.

आत काय? तुम्ही गोधडीवाल्या घरच्या, सासूबाईंचं जुनं मऊ सुती पातळ असेल तर दुहेरी करून तेच घाला, आपल्याकडच्या उन्हाळ्यातही बाळाला उकडणार नाही. बाजारातली फायबरची शीट हलकी असते, लवकर वाळते, थंडीसाठी ती बरी. पिंजलेला कापूस नको, जवळजवळ टाके नसतील तर धुतल्यावर एका कोपऱ्यात गोळा होतो.

कडेला गोट लावत बसू नका, उशीच्या खोळीसारखं उलटवा. खाली भरण, त्यावर अस्तर सुलटी बाजू वर करून, त्यावर तुकड्यांचा वरचा भाग उलटा. चौफेर शिलाई मारा, एका बाजूला वीतभर तोंड उघडं ठेवा, कोपऱ्यांची टोकं कापा आणि तोंडातून सगळं बाहेर ओढा. कोपरे पेन्सिलच्या मागच्या टोकानं काढा, कात्रीनं नको, भोक पडतं. तोंड हातानं शिवून कडेनं एक शिलाई फिरवा. मग कच्चा टाका घालून मशीनवर सरळ रेघा मारा, मधल्या रेघेपासून सुरू करून बाहेर बाहेर जायचं, नाहीतर सुरकुती मधे सापडते. टाका मोठा ठेवा, सुई १६ नंबरची.

काही जणी रेघा न मारता ठिकठिकाणी जाड दोऱ्याच्या गाठी मारतात, लवकर होतं ते. मोठ्यांच्या गोधडीला खुशाल मारा. बाळाच्या दुपट्याला गाठी नको, बटणं तर अजिबात नको, सगळं तोंडात जातं. आणि हे दुपटं अंथरायलाच. झोपलेल्या तान्ह्या बाळाच्या अंगावर जाड सैल पांघरूण टाकू नये, तोंडावर आलं की त्याला ते बाजूला सारता येत नाही.

प्रश्न (लातूरहून) : येळवसला (वेळ अमावस्येला) शेतात अंथरायला जुन्या जीन्सची गोधडी करायलेय. पोरांच्या पँटी ढीगभर साठल्यात. हेच माप चालंल का?

उत्तर : नाही, जीन्सला मोठे तुकडे घ्या, कारण जोड जितके जास्त तितकी मशीन रडणार. १० इंचाचे कापा, शिलाई अर्धा इंच धरा कारण जीन्सचे धागे सुटतात, ९ इंच उरतील. ८ बाय ७ म्हणजे ५६ तुकड्यात ६ फूट बाय सव्वापाच फूट होतंय. पँटीची जाड शिलाई तुकड्यात येऊ देऊ नका. इथं शिलाया एका बाजूला न दाबता दोन्हीकडं उघडून इस्त्री करा, सुई १८ नंबरची लावा आणि जोडावर आलं की पायडल सोडून चाक हातानं फिरवा. आत भरण घालू नका, खाली जुनी चादर लावली की पुरे, तरी ओली झाल्यावर पिळायला दोघी लागतात. आंबील सांडली तरी डाग दिसत नाही, हा मोठाच फायदा.

प्रश्न (जालन्याहून) : पाकिटं महाग पडतात. टेलरकडच्या चिंध्यांतून करता येईल का?

उत्तर : अहो त्यातूनच करा, पाकीट ही पहिल्यांदा करणाऱ्याची सोय आहे. सिंगल बेडला ५ इंचाचे १४ बाय २० म्हणजे २८० तुकडे लागतात, तेव्हा ६३ बाय ९० इंच होतं. ४२ ची सात पाकिटं कोण घेणार? टेलरला आधी सांगून ठेवा की सुती वेगळं काढा, पॉलिस्टर त्यात मिसळलं की इस्त्रीला चिकटतं. जुन्या एक्स-रेच्या फिल्मचा ५ इंचाचा चौकोन कापून घ्या, पुठ्ठ्याच्या कडा दहा-वीस तुकड्यात झिजतात आणि माप हळूहळू वाढत जातं, फिल्म झिजत नाही. चौकोनाची कड कापडाच्या उभ्या धाग्याला लावून आखा. बाह्यांच्या कापणीतल्या चिंध्या बऱ्याचदा उरेब, म्हणजे तिरक्या कापलेल्या असतात, त्या ओढल्या की ताणतात, तसल्या घ्यायच्या नाहीत, कितीही सुंदर प्रिंट असलं तरी.

प्रश्न (पैठणहून) : आजीच्या फाटक्या पैठणीचे चौकोन सुती तुकड्यांत घातले तर?

उत्तर : घालू नका. सुती धुवायचं, रेशीम जपायचं, एकाच गोधडीत दोघांचं पटत नाही आणि जरीची तार अंगाला टोचते. काठ आणि पदराचा मोर उशीच्या खोळीवर लावा, मागून पातळ सुती अस्तर द्या म्हणजे जीर्ण रेशमाला आधार राहतो.